गोड बोलून व्यसन सुटते का?

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे :

‘माझा धाकटा दीर 26 वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू येऊ लागले, शेजारचे लोक पाळत ठेवतात असे वाटू लागले आणि डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले. गांजा तो त्याच्याही आधीपासून ओढतो. आता आठवड्यातून दोन-तीनदा दारूही होते. मनोविकारांच्या एका दवाखान्यात सांगितले, “आधी नशा बंद करा, मग गोळ्यांचा उपयोग होईल.” व्यसनमुक्ती केंद्रात सांगितले, “याला भास होतात, आधी ते बरे करून आणा.” यात दीड वर्ष गेले. आता एका ओपीडीत डॉक्टर आणि समुपदेशक दोघे मिळून त्याला पाहतात. समुपदेशक मोटिव्हेशनल थेरपी करतात, पण ते त्याला “सोड” असे एकदाही म्हणत नाहीत. उलट गांजाने तुला काय बरे वाटते, असे विचारतात. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, गोड बोलून व्यसन सुटत असते तर केव्हाच सुटले असते. त्यांना एका केंद्राची गाडी बोलावून त्याला उचलून न्यायचे आहे. सासूबाईंनी चहातून द्यायची कसलीशी पूड आणून ठेवली आहे. तो घरात फक्त माझ्याशी बोलतो. गेल्या महिन्यात म्हणाला, “वहिनी, परवा गडावर गेलो तर निम्म्यातच दम लागला.” मी लगेच म्हटले, “मग सोड ना ते ओढणे!” तो उठून गेला आणि चार दिवस बोलला नाही. माझे काय चुकले? आणि या उपचारात खरोखर काही अर्थ आहे का?’

सप्रेम नमस्कार.

‘माझे काय चुकले?’ या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर समजले की बाकीची बरीचशी उत्तरे त्यातूनच निघतात. ‘निम्म्यातच दम लागला’ हे वाक्य तुमच्या दिराने कोणी न विचारता, आपणहून, आणि घरातल्या ज्या एका माणसावर त्याचा विश्वास आहे त्या माणसापाशी उच्चारले. त्यात गांजाचे नाव नव्हते, सोडण्याची भाषा नव्हती. पण पूर्वी आपण गड सहज चढत होतो आणि आता चढता येत नाही, ही खंत त्यात होती, आणि त्या खंतीमागचे कारण त्याला तुमच्याइतकेच ठाऊक होते. ते कारण तो पुढच्याच वाक्यात बोलला असता की आणखी दोन महिन्यांनी, हे कोणीच सांगू शकणार नाही. तुम्ही ते त्याच्या आधी बोलून टाकलेत. चूक असेल तर एवढीच, आणि ती मायेपोटी झाली आहे.

नशेत अडकलेल्या माणसाच्या मनात बहुधा दोन्ही बाजू एकाच वेळी नांदत असतात. ‘याच्याशिवाय माझे चालणार नाही’ ही एक, आणि ‘हे माझे वाटोळे करते आहे’ ही दुसरी. घरातली सगळी माणसे जेव्हा एकमुखाने दुसऱ्या बाजूची वकिली करू लागतात, तेव्हा पहिली बाजू मांडायला तोच एकटा उरतो, आणि जी बाजू माणूस पुन्हा पुन्हा स्वतःच्या तोंडाने मांडतो ती त्याच्या मनात पक्की होत जाते. तुमच्या समुपदेशकांनी ‘सोड’ हा शब्द जाणूनबुजून बाजूला ठेवला आहे तो याच कारणाने. सोडण्याची कारणे त्याच्या मनात आहेत. ती त्याच्या तोंडून, त्याच्या शब्दांत बाहेर यावीत, यासाठी ते जागा मोकळी ठेवत आहेत.

‘मोटिव्हेशनल’ या शब्दामुळे तुमच्या यजमानांचा गैरसमज झाला असेल तर त्यात नवल नाही. आपल्याकडे हा शब्द सभागृहातल्या जोशपूर्ण भाषणांना चिकटला आहे, आणि ‘प्रेरणा देणे’ या शब्दप्रयोगातच देणारा एक आणि घेणारा दुसरा असे गृहीत धरलेले असते. या उपचारपद्धतीचे मूळ मात्र नेमके उलट आहे. विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 1982 मध्ये नॉर्वेतील बर्गनजवळच्या एका व्यसनोपचार केंद्रात गेले असताना, तेथील तरुण सहकारी त्यांना सतत थांबवून विचारत असत की, तुम्ही रुग्णाला आत्ता हेच वाक्य का म्हणालात, दुसरे का नाही. त्या प्रश्नांना उत्तरे देताना त्यांच्या लक्षात आले की, वाद घालण्याऐवजी ते रुग्णाकडूनच बदलाची भाषा काढून घेत होते. त्यावरचा त्यांचा लेख 1983 मध्ये आला, आणि 1991 मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी या पद्धतीचे पहिले पुस्तक लिहिले. हे सगळे प्रथम दारूच्या व्यसनासाठी होते. भास आणि संशयाचा आजार असलेल्या माणसांसाठी ते नंतर जुळवून घेतले गेले.

प्रत्यक्षात हे संभाषण कसे चालते, याचा एक तुकडा देतो. समुपदेशक विचारतो, ‘गांजा कमी करणे तुला आज किती महत्त्वाचे वाटते? शून्य ते दहामध्ये सांग.’ मुलगा म्हणतो, ‘तीन.’ तुम्ही-आम्ही असतो तर आपण लगेच म्हटले असते, ‘तीनच?’ आणि त्याने सात न म्हणण्याची कारणे आपल्यापुढे मांडली असती, म्हणजे गांजाचीच बाजू घेतली असती. समुपदेशक विचारतो, ‘तीन म्हणालास. शून्य का नाही म्हणालास?’ आता उत्तर द्यायचे तर त्याला दुसऱ्याच कप्प्यात हात घालावा लागतो. तो थांबतो, आणि मग एकेक बाहेर येते : ‘पैसे उरत नाहीत. आई रडते. जास्त ओढले की दुसऱ्या दिवशी आवाज वाढतात.’ यातला प्रत्येक शब्द घरच्यांनी त्याला शंभरदा ऐकवलेला असतो. पण आज तो त्याच्या स्वतःच्या मुखातून आलेला असतो. समुपदेशक त्यावर टाळ्या वाजवत नाही, ‘बघ, मी म्हणत नव्हतो!’ असेही म्हणत नाही. तो ते शब्द जपून उचलतो आणि परत त्याच्यासमोर ठेवतो : ‘आवाज कमी व्हावेत म्हणून ओढतोस, आणि दुसऱ्या दिवशी ते वाढतात, असे तुझ्या लक्षात आले आहे.’ त्यानंतर आणखी एक प्रश्न येतो, जो घरचे सहसा विचारतच नाहीत : ‘कमी करायचे ठरवलेस तर जमेल, असे किती वाटते?’ पुष्कळ मुले ‘किती महत्त्वाचे वाटते’ याला सहा-सात आकडा देतात आणि ‘किती जमेल’ याला एक. अशा मुलाला पटवून देण्यासारखे काहीच उरलेले नसते. त्याला हात धरणारे कोणी हवे असते.

या कामाला लागलो त्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः मुलांकडून ‘मी यापुढे नशा करणार नाही’ असे कागदावर लिहून घेत असे, आणि खाली आईवडिलांची सही. त्या वेळी मला ते फार परिणामकारक वाटत होते. पुढे असे झाले की, घसरलेली मुले परत माझ्याकडे येईनाशी झाली, कारण तो कागद माझ्या कपाटात आहे हे त्यांना ठाऊक होते. शपथा आणि कागद मी त्यानंतर बंद केले. तुमच्या घरात देवापुढे हात ठेवून शपथ घ्यायला लावण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो कृपया सोडून द्यावा. मोडलेली शपथ ही भास होणाऱ्या मुलासाठी नुसती लाज राहत नाही. तिची शिक्षा म्हणूनच आवाज येत आहेत, असे त्याला वाटू शकते.

आता तुमच्या दिराला भास होतात या गोष्टीने या पद्धतीत काय फरक पडतो, ते सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतात. स्किझोफ्रेनियात आवाज आणि संशय लोकांना दिसतात; पण याच आजाराचा दुसरा भाग असा की, माणसाची उमेदच आटते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, बोलणे तुटक होते, उठून काही करावेसे वाटत नाही. घरात याला आळस म्हणतात, आणि व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातही ‘याची इच्छाच नाही’ असा शेरा मारून मोकळे होतात. ज्या आजारात इच्छा हाच दुखावलेला अवयव असतो, त्या रुग्णाला ‘इच्छा घेऊन ये, मग उपचार करू’ असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला जिना चढून दवाखान्यात ये म्हणण्यासारखे आहे. म्हणून जाणता समुपदेशक एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी पुरेसे थांबतो. तासभर बसवण्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटांत थांबतो. झालेल्या बोलण्याचा धागा तुटू नये म्हणून मध्ये मध्ये ते थोडक्यात परत सांगतो. मुलगा म्हणाला की शेजारचे भिंतीतून बोलतात, तर तो ‘तसे काही नाही’ असे म्हणत नाही आणि ‘हो, बोलतात’ असेही म्हणत नाही. ‘म्हणजे रात्र फार भीतीत गेली’ असे म्हणून त्या भीतीपाशी थांबतो. आणि आवाज फारच जोरात असतील त्या दिवशी व्यसनाचा विषय काढतच नाही. त्या दिवशी डॉक्टरांकडून औषधाचा डोस पाहून घेणे हेच काम असते.

‘गांजाने तुला काय बरे वाटते?’ हा प्रश्न तुमच्या यजमानांना खटकला, हे मी समजू शकतो. धाकट्या भावाला रोज डोळ्यांदेखत खचताना पाहणाऱ्या माणसाला तो लाड वाटणारच. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय आपल्याला काहीच कळत नाही. अनेक रुग्ण सांगतात की ओढल्यावर काही वेळ आवाज लांब जातात. काही सांगतात की गोळ्यांनी जडपणा येतो, तो तेवढ्यापुरता हलका होतो. कोणाला झोप लागत नसते. आणि माझ्या अनुभवात फार वेळा ऐकू येणारे कारण हे की, कट्ट्यावरची चार मुलेच त्याला वेडा म्हणत नाहीत. घरात तो रुग्ण असतो, नातेवाइकांत विषय असतो, सोसायटीत कुजबुज असते. चिलीम फिरते तेथे मात्र तो चौघांतला एक असतो. हे शेवटचे कारण असेल तर गांजा बंद करण्याचा अर्थ त्याच्यासाठी एकटे पडणे असा होतो, आणि त्याला दुसरीकडे चार माणसे मिळेपर्यंत तुम्ही कितीही बोललात तरी ते त्याला पटणार नाही. तुमच्या दिराचे कारण कोणते आहे, हे त्या प्रश्नाशिवाय कसे कळणार?

गांजाच्या दुष्परिणामांची माहिती त्याला द्यायचीच नाही, असा याचा अर्थ नाही. ती परवानगी घेऊन दिली जाते : ‘याविषयी मला जे ठाऊक आहे ते सांगू का?’ तो हो म्हणाला तर सांगायचे, आणि नंतर विचारायचे की यातले तुला काय पटते. सांगण्यासारखे पुष्कळ आहे. युरोप आणि ब्राझीलमधील 11 ठिकाणी झालेला एक मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच सायकोसिस, म्हणजे भास आणि संशयाचा आजार, झालेल्या 901 रुग्णांची तुलना त्याच भागांतल्या 1237 निरोगी लोकांशी केली, तेव्हा तीव्र गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये या आजाराची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळली. गांजा ओढणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो असे नव्हे. पण ज्याला तो झालेला आहे त्याच्यासाठी ही आगीशी गाठ आहे. हे खरे आहे आणि त्याला कळायला हवे. फक्त ते त्याने विचारलेल्या क्षणी कळले तर आत जाते, आणि जेवणाच्या ताटावर ऐकवले तर ताट सोडून तो कट्टा गाठतो.

‘आधी हे बरे करा, मग ते’ या फेऱ्यांत तुमचे दीड वर्ष गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ही वेळ तुमच्यावर यायला नको होती. दोन्ही आजार एकाच माणसात असणे हा अपवाद नाही. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणाच्या 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी 47 टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा व्यसनाचा आजारही झालेला आढळला होता. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केलेला आहे. आणि पुण्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात, आणि ते उभे करणाऱ्या डॉ. अनिता अवचट त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. एकाच केसपेपरवर दोन्ही आजार लिहिले जाणे, गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला या आठवड्यात किती ओढले हे ठाऊक असणे आणि समुपदेशकाला कोणती गोळी बदलली हे ठाऊक असणे, याला मी फार मोल देतो. तुम्हाला अशी ओपीडी आता मिळाली आहे. केवळ संथ वाटते म्हणून ती सोडू नका.

या उपचाराचा गुण किती येतो, याबाबत मी तुम्हाला फुगवून सांगणार नाही. ब्रिटनमध्ये सायकोसिस आणि व्यसन दोन्ही असलेल्या 327 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचा निकाल 2010 मध्ये आला. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत, वर्षभरात जास्तीत जास्त 26 बैठका, या पद्धतीने आणि विचार-वर्तन उपचारांच्या जोडीने देण्यात आल्या. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण त्यामुळे कमी झाले नाही. नशा करण्याच्या दिवशी घेतले जाणारे प्रमाण मात्र घटले, आणि तो फरक उपचार संपल्यावरही निदान वर्षभर टिकला. 2014 मध्ये, नुकताच आजार सुरू झालेल्या आणि गांजा ओढणाऱ्या 110 तरुणांवरच्या दुसऱ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, 41 चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2019 च्या आढाव्यानेही कोणतीही एक मानसोपचार पद्धत बाकीच्यांपेक्षा निर्विवाद सरस असल्याचे म्हटलेले नाही.

मग तरीही मी तुम्हाला ही वाट सोडू नका असे का म्हणतो? कारण दरडावणे, अपमान करणे आणि कोंडून ठेवणे यांनी आजवर काय साधले, ते तुमच्याच घरात तुम्ही पाहिले आहे. आणि दुसरे असे की, या मुलाचे मोठे नुकसान होते ते तो ओपीडीत येणे आणि गोळ्या घेणे बंद करतो तेव्हा. ज्या खोलीत त्याला लाज वाटत नाही त्या खोलीत तो परत येतो. तुमच्या यजमानांना मोजायचेच असेल, तर ‘सुटले का?’ एवढेच मोजू नये. ओपीडीच्या किती तारखा पाळल्या, गोळ्यांचे किती दिवस चुकले, रोजचे आता किती दिवसांआड झाले, घसरल्यावर खरे सांगितले की लपवले, हे मोजावे. काही महिन्यांनी कागदावर काहीतरी सरकलेले दिसण्याची शक्यता मला बरीच वाटते.

गाडी बोलावून उचलून नेण्याबद्दल मी स्पष्ट बोलतो. तुमच्या यजमानांनी तसे करू नये. कायद्याने, संमतीशिवाय दाखल करण्याची वाट फक्त तेव्हाच खुली आहे जेव्हा आजारामुळे तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची, किंवा स्वतःची काळजीच घेऊ न शकण्याची स्थिती असते. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे कायद्यानुसार रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि पहिली मुदत 30 दिवसांपर्यंतचीच असते. साखळीने बांधणे कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. चार दांडगे लोक मध्यरात्री घरात शिरून ज्याला उचलतात, त्या मुलाचा ‘माझ्यावर पाळत आहे’ हा संशय त्याच क्षणी खरा ठरतो. आणि ती गाडी बोलावली सख्ख्या भावाने, हे तो विसरत नाही. पुढे कधी खरोखर दाखल करण्याची गरज पडलीच, तर आधी स्वतः जाऊन पाहा आणि विचारा : संस्थेची कायद्याखाली नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, त्याच्या सध्याच्या गोळ्या चालू राहतील का, तुम्हाला भेटू देतील का. गोळ्यांच्या प्रश्नाला ‘येथे कोणतेही औषध देत नाही’ असे उत्तर आले, तर तेथून तसेच परत या.

सासूबाईंची पूड आजच घरातून काढून टाका. अशा पाकिटांत काय असते ते लिहिलेले नसते. त्यात डायसल्फिरम हे दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे औषध असले आणि त्यावर तो दारू प्यायला, तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकते. शिवाय याच औषधाने भास बळावू शकतात. आणि समजा पुडीत नुसती साखर असली, तरी ज्या मुलाला घरचे आपल्या खाण्यात काही कालवतात असा संशय येऊ शकतो, त्याच्या चहात खरोखर काही कालवायचे? सासूबाईंना रागावू नका. त्यांना एवढेच सांगा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचे नाही, आणि पुढच्या वेळी त्यांनाही ओपीडीत बरोबर न्या. त्यांच्या मनातली भीती त्यांनी कोणापाशी तरी बोलायला हवी.

डॉक्टरांना दोन गोष्टी आठवणीने सांगा. तो गांजा तंबाखूत मिसळून ओढतो का, किंवा जोडीला सिगारेट-विडी आहे का, हे सांगा. तंबाखूच्या धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधांचे रक्तातील प्रमाण कमी होते, आणि धूम्रपान अचानक थांबले तर तोच डोस जास्त ठरू शकतो. दुसरी गोष्ट दारूची. आठवड्यातून दोन-तीनदा असलेली दारू जर रोजची झाली, तर ती घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. थरथर, घाम, गोंधळ, फिट असे दोन-तीन दिवसांत होऊ शकते, आणि तो गोंधळ आजाराचाच भास समजून घरी थांबणे धोक्याचे ठरते.

पैशांबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, पण बहुतेक घरांत तो प्रश्न असतोच. तो शांत असताना, नशेत नसताना, सर्वांनी एकत्र बसून आठवड्याची रक्कम ठरवावी आणि मग ती पाळावी. आज ओरडून नाही म्हणायचे आणि उद्या दयेपोटी दुप्पट द्यायचे, असे करू नये. तो नशेत असताना कोणताही वाद नको. आवाज त्याला स्वतःला किंवा कोणाला इजा करायला सांगत आहेत असे तो म्हणाला, मरणाची भाषा बोलू लागला किंवा सलग काही रात्री झोपलाच नाही, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रात्रीअपरात्री 108 वर रुग्णवाहिका मिळते, आणि बोलायला टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतूनही बोलता येते. तुमच्या यजमानांसाठी आणखी एक सुचवतो. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन पुण्यातच आहे आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी तेथे स्वमदत गट चालतो. भावाच्या आजाराचा राग गिळत बसलेल्या माणसाला तसाच दुसरा भाऊ भेटला, तर जे मी या पत्रात सांगू शकलो नाही ते तेथे त्यांना कळेल.

राहिला गड. तुम्ही चार दिवसांच्या अबोल्याबद्दल लिहिलेत, पण पाचव्या दिवशी तो पुन्हा तुमच्याशीच बोलू लागला, हे ध्यानात घ्या. त्या प्रसंगाबद्दल त्याची माफी मागावीशी वाटत असेल तर एकाच वाक्यात मागा : ‘त्या दिवशी तू सांगत होतास आणि मी मध्येच बोलले.’ एवढे म्हणून थांबा, ‘पण’ जोडू नका. एखाद्या शनिवारी पहाटे त्याला वाटलेच तर दोघे सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीपर्यंत बसने जा आणि त्याला जेवढे झेपेल तेवढेच चढा; ऊन चढण्याआधी परता आणि पाणी भरपूर ठेवा, कारण त्याच्या आजारातल्या काही औषधांनी शरीराला उष्णता सोसत नाही. दम लागून तो वाटेत बसला, तर तुम्हीही शेजारी बसा. त्याने विषय काढला तर ‘पूर्वी किती वेळात चढायचास?’ असे विचारा आणि तो सांगेल ते ऐका. नाही काढला, तर वर ताक मिळते तेथपर्यंत पोहोचलात की नाही हेही महत्त्वाचे मानू नका, आणि खाली उतरल्यावर पुढच्या शनिवारचे त्यालाच ठरवू द्या.